तळ्यावर मित्रांबरोबर शिडाची होडी: दोन वर्षं झाली तरी हात बसत नाहीये, सराव नेमका कसा करायचा?

रविवारचा_वारा:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही चौघं मित्र, दोन वर्षं झाली, जमेल त्या रविवारी तळ्यावर शिडाची होडी घेऊन जातो. दोन होड्या आहेत, एक १४ फुटी, दोघांची, मेन (मोठं) आणि जिब (पुढचं लहान) अशी दोन शिडं असलेली, आणि दुसरी जुनी लेझर, एकट्याने चालवायची. आमच्यातल्या एकाने रीतसर कोर्स केलाय, बाकी आम्ही तिघं त्याचं बघून बघून शिकलो. तळं मोठं आहे पण दोन बाजूंना डोंगर, त्यामुळे वारा एकसारखा कधीच नसतो, आत्ता पडला म्हणेपर्यंत कुठून तरी जोरात झोत येतो आणि दिशाही फिरलेली असते.

दोन वर्षांत फिरलो भरपूर पण सुधारणा म्हणावी तशी नाही. टॅक करताना (म्हणजे नाक वाऱ्याच्या तोंडातून पलीकडे वळवताना) अजूनही तीन-चार वेळांतून एकदा होडी वाऱ्याच्या तोंडावर जाऊन थांबते, शिडं नुसती फडफडत राहतात आणि आम्ही मागे मागे जायला लागतो. जाइब (वारा मागून असताना वळून शीड दुसऱ्या बाजूला नेणं) तर आम्ही शक्यतो टाळतोच.

आणि मागच्या रविवारी नेमका नको तेव्हा जाइब झाला. वारा मागून होता, दिशा जराशी फिरली, बूम (मोठ्या शिडाच्या खालचा आडवा दांडा) धाडकन दुसऱ्या बाजूला गेला, आम्ही दोघं चुकीच्या बाजूला बसलेलो, होडी आडवी झाली आणि काही कळायच्या आत पूर्ण उलटी, डोलकाठी खाली आणि बूड वर. लाइफ जॅकेट दोघांच्याही अंगात होतं म्हणून निभावलं, पण होडी सरळ करायला २५ मिनिटं लागली कारण सेंटरबोर्ड (बुडातून खाली पाण्यात जाणारी फळी) आत सरकून गेलेला आणि धरायला काही नाही. माझा मित्र शिडाखाली सापडला होता, दोन-तीन सेकंदच असतील, पण नाकातोंडात पाणी गेलं आणि काठावर आल्यावर तो बराच वेळ थरथरत होता. आता म्हणतो, मी काठावर बसतो, तुम्ही जा. चौघांत सगळ्यात हौशी तोच होता हो.

तर सराव म्हणून नेमकं काय करायचं, कशापासून सुरू करायचं, किती वाऱ्यात बाहेर पडायचंच नाही, आणि या मित्राला परत पाण्यात कसं आणायचं? आमच्या तळ्यावर रेस्क्यू बोट नाही, जे काय करायचं ते आमचं आम्हालाच.

---

जुनी_डोलकाठी:

आधी हे बरं केलंत की लपवून न ठेवता सगळं लिहिलंत. माझं स्पष्ट मत सांगतो, टॅक-जाइब सगळं बाजूला ठेवा, पुढचे दोन रविवार फक्त होडी उलटवायची आणि सरळ करायची. मुद्दाम, हलक्या वाऱ्यात, ठरवून. जोपर्यंत होडी आडवी होणं तुम्हाला संकट वाटतंय तोपर्यंत बाकी काहीही नीट शिकता येणार नाही, कारण झोत आला की हात शिडाकडे न जाता होडीच्या काठाला घट्ट धरून बसतात.

जागा निवडताना एक गोष्ट बघा, पाणी डोलकाठीच्या उंचीपेक्षा खोल हवं. उथळ पाण्यात होडी पूर्ण उलटली तर डोलकाठीचं टोक चिखलात रुततं आणि मग ती वाकते किंवा मोडते. आणि वारा तुम्हाला ज्या काठाकडे ढकलत नेणार तो काठ मोकळा, खडक नसलेला आणि बऱ्यापैकी लांब असू दे, कारण उलटलेली होडी वाऱ्याबरोबर वाहत जाते.

आता क्रम. पलटी झाली की पहिलं काम एकमेकांना हाक मारायची आणि उत्तर ऐकायचं, होडीचं नंतर बघू. दोघंही होडीला धरून राहायचं, ती सोडून काठाकडे पोहत जायचं नाही कधीच, होडी लांबून दिसते, माणसाचं डोकं दिसत नाही. मग क्रू (जिब सांभाळणारा साथीदार) आतल्या बाजूला राहतो आणि सगळ्यात आधी सेंटरबोर्ड पूर्ण बाहेर ढकलतो, तुमचा घोटाळा इथेच झाला, होडी आडवी असतानाच हे केलं असतं तर २५ मिनिटं गेली नसती. मेनशीट मोकळी आहे ना तेही त्यानेच बघायचं, कारण शीट क्लीटमध्ये (दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेत) अडकलेली असेल तर होडी सरळ होताक्षणी शिडात वारा भरतो आणि ती पुन्हा आडवी होते. (नवीन वाचणाऱ्यांसाठी, शीड म्हणजे कापड आणि शीट म्हणजे ते आवळायची दोरी, आपल्याकडे हे दोन शब्द ऐकताना फार गल्लत होते.) तोवर हेल्मवाला (सुकाणू धरणारा) पाण्यातून मागून वळसा घालून सेंटरबोर्डपाशी जातो, जाताना होडीशी संपर्क सुटू द्यायचा नाही, मेनशीटचं टोक हातात ठेवलं तरी चालेल. क्रू त्याला जिबची वरची शीट बुडावरून पलीकडे फेकतो आणि स्वतः आत, बसायच्या फळीला किंवा पायपट्ट्याला धरून, अंग सैल सोडून तरंगत राहतो. हेल्मवाला सेंटरबोर्डवर चढतो, अगदी बुडाजवळ पाय ठेवून, टोकाला उभं राहिलं तर बोर्ड मोडू शकतो, आणि शीट धरून मागे झुकतो. घाई करायची नाही. शिडावरचं पाणी निथळेपर्यंत होडी हलतच नाही असं वाटतं, आणि मग एकदम उठते. उठताना आतला माणूस आपोआप होडीत उचलला जातो, आणि तो मग दुसऱ्याला आत घेतो.

होडीचं नाक आधी वाऱ्याकडे वळवून घेतलंत तर फार सोपं जातं. शीड वाऱ्याच्या बाजूला पडलेलं असताना उचललं तर वारा खालून शिरतो आणि होडी सरळ होता होता थेट दुसऱ्या अंगावर जाते, तुमच्या डोक्यावर.

पूर्ण उलटली असेल तर बुडाच्या कडेवर दोघांनी उभं राहून मागे झुकायचं, आधी ती आडवी होते आणि मग वरचं सगळं. तुमची होडी इतक्या पटकन पूर्ण उलटत असेल तर डोलकाठीच्या टोकाला एक फ्लोट बांधा, बंद झाकणाचा रिकामा कॅनही चालतो, घट्ट बांधलेला हवा. बराच फरक पडतो.

तुमच्या मित्राबद्दल. शिडाखाली सापडण्याची भीती खरी आहे, तिला "काही होत नाही रे" म्हणून उडवून लावू नका. त्याला उपाय हातात द्या. शिडाखाली आलं तर हात वर करून कापड उचलायचं, लगेच तोंडापुरती हवेची जागा तयार होते, श्वास घ्यायचा, मग शिडाची एखादी शिवण पकडून एकाच दिशेने सरकत राहायचं, कड येतेच. उलट्या होडीच्या पोटातही हवा असते, तिथे श्वास घेऊन कडेखालून बाहेर यायचं. हे आधी छातीइतक्या पाण्यात करा, होडीशिवाय, नुसतं सुटं शीड पाण्यावर पसरून, दोघं बाजूला उभे. पहिल्यांदा तुम्ही खाली जा, तो बघू दे. त्याला वाटलं तर तो येईल, त्या दिवशी नाही आला तरी चालेल.

---

पाणपिसं:

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. फक्त एक भर, होडी सरळ करायला किती वेळ लागतो त्याला घड्याळ लावा. आणि चौघांनी दोन्ही भूमिका करायच्या, फक्त जो ताकदवान आहे तोच सेंटरबोर्डवर चढतो असं झालं तर नेमका तोच दमलेला असताना पंचाईत होते.

---

वाऱ्याचा_माग:

टॅकबद्दल लिहितो कारण मी स्वतः वर्षभर यात अडकलो होतो.

शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही हे तुम्हाला माहीत आहेच, वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा तिला बंद असतो, म्हणजे एका टॅकवरून दुसऱ्यावर जाताना ९० अंश वळायचं असतं आणि हे सगळं वळण केवळ आधीच्या वेगावर पार पडतं. मधे इंजिन बंदच असतं म्हणा ना. त्यामुळे टॅक बिघडतो तो वळताना नाही, वळायच्या आधीच्या दहा सेकंदांत बिघडतो. आपण वाऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ जायच्या नादात होडी आधीच मंदावलेली असते आणि तशातच टिलर (सुकाणूचा दांडा) ढकलतो. जरा खाली या (वाऱ्यापासून लांब वळा), वेग येऊ द्या, आणि मग वळा.

दुसरी चूक म्हणजे टिलर एकदम टोकापर्यंत ढकलणं. सुकाणू पाण्यात आडवं झालं की ते वळवायचं काम कमी आणि ब्रेकचं काम जास्त करतं. सुरुवात हळू, मग थोडं जास्त, बूम डोक्यावरून गेला की परत मधे. जिबवाल्याने सोडायची घाई करू नये, नाक वाऱ्याला ओलांडून जाईपर्यंत जिब धरून ठेवलं तर तेच नाकाला पलीकडे ढकलतं.

आणि तरी अडकलातच तर घाबरायचं काही नाही. जिब एका बाजूला हाताने ताणून धरा, नाक दुसऱ्या बाजूला पडतं. लेझरला जिब नाही, तिथे बूम लांब ढकलायचा आणि टिलरही त्याच बाजूला ढकलायचा, होडी मागे जात जात वळते, पुरेशी वळली की दोन्ही आपल्याकडे ओढून घ्यायचं. ढकल-ढकल, ओढ-ओढ, एवढंच लक्षात ठेवा. हे मुद्दाम करून बघा, म्हणजे होडी तोंडावर नेऊन थांबवा आणि बाहेर काढा, दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा.

जिबवर लोकरीचे धागे लावलेत का? नसतील तर आजच लावा, पुढच्या कडेपासून साधारण वीतभर मागे, वीतभर लांबीचे, दोन्ही बाजूंना. वाऱ्याकडे चढताना दोन्ही धागे मागे सरळ वाहत असले की बरोबर. वाऱ्याकडच्या बाजूचा धागा नाचायला लागला तर तुम्ही जास्त वर गेलात, खाली या किंवा शीट ओढा. पलीकडच्या बाजूचा नाचायला लागला तर शीड जास्त आवळलंय, सैल सोडा किंवा वर जा. डोंगरांमधल्या तळ्यावर, जिथे वारा मिनिटामिनिटाला फिरतो, तिथे हे धागे म्हणजे डोळेच.

---

जिबवाली:

मी वेगळ्या मुद्द्यावर बोलणार आहे, कारण तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं. "एकाने कोर्स केलाय, बाकी आम्ही बघून बघून शिकलो." म्हणजे टिलर बहुतेक वेळ कोणाच्या हातात असतो हो?

मी तीन वर्षं जिब सांभाळलं. आमच्याकडे माझा मावसभाऊ उत्तम चालवायचा, त्यामुळे वारा वाढला की टिलर त्याच्याकडे, काठाला लावायचं असलं की त्याच्याकडे, अडचण आली की त्याच्याकडे. माझ्या वाट्याला फक्त सोपा वारा यायचा. तो काही वाईट मनाने नाही करायचा, उलट काळजीनेच, पण तीन वर्षांनी एकदा तो हाताला लागल्यामुळे काही करू शकत नव्हता आणि होडी मला आणायची वेळ आली तेव्हा मला कळलं की मला यातलं काहीही येत नाही, मला फक्त त्याचा आवाज ऐकून दोरी ओढता येते. त्या दिवशी आम्ही सुखरूप आलो पण मी घरी येऊन रडले, आणि मग ठरवलं की आता असं नाही चालायचं.

आम्ही नंतर नियम केला, २० मिनिटं झाली की जागा बदलायची, वारा कसाही असो. आणि दुसरा नियम जास्त महत्त्वाचा, ज्याला जास्त येतं त्याने पुढे तोंड करून बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, फक्त धोका असेल तर. पहिले दोन रविवार भावाला हे फार जड गेलं, सारखं मागे वळून बघायचा. पण त्याच दोन रविवारी मी सहा महिन्यांत शिकले नव्हते तेवढं शिकले.

एक सराव आवर्जून करा, टिलर सोडून होडी चालवायची. हलक्या वाऱ्यात, मोकळ्या पाण्यावर. सेंटरबोर्ड जरासा वर घ्या म्हणजे होडी नरम वागते, टिलरला हात लावायचा नाही, आणि फक्त शिडांनी आणि अंगाच्या वजनाने वळवायचं. मेन ओढलं आणि जिब सोडलं की नाक वाऱ्याकडे चढतं, जिब ओढलं आणि मेन सोडलं की नाक खाली पडतं. दोघं वाऱ्यापलीकडच्या बाजूला सरकलात की होडी तिकडे कलते आणि वाऱ्याकडे वळते, वाऱ्याकडच्या बाजूला सरकलात की उलट. पहिल्या दिवशी नुसती गोल गोल फिरेल, फिरू दे. हे जमायला लागलं की कळतं आपण आजवर सुकाणू दाबून होडीशी किती भांडत होतो. आणि यात जिबवाला आणि टिलरवाला असा भेदच राहत नाही, दोघंही तेवढेच चालवत असतात, म्हणून मला हा सराव सगळ्यात आवडतो.

त्या मित्राला सांगा, एका अनोळखी ताईने सांगितलंय, काठावर बसून नको राहूस.

---

जुनी_डोलकाठी:

@जिबवाली, ताई हे फार मोलाचं लिहिलंत. मी स्वतः बरीच वर्षं तुमच्या भावासारखाच वागत आलोय, क्रूला कधी विचारलंही नाही की तुला चालवायचंय का. या रविवारी विचारतो.

आता जाइबचं राहिलं होतं ते सांगतो. दोन बोये करा, रिकामे कॅन, दोरी आणि खाली वजन, दोरी तळाच्या खोलीपेक्षा थोडी जास्त. दोन्ही वाऱ्याला आडवे, एकमेकांपासून ५०-६० मीटरवर टाका आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहा. एकदा असा की दोन्ही टोकांना टॅकच येतील, मग दिशा उलटी करा म्हणजे दोन्ही टोकांना जाइबच येतील. अर्ध्या तासात जेवढे टॅक-जाइब होतात तेवढे नुसतं फिरताना महिन्याभरात होत नाहीत. जाताना बोये आणि दोऱ्या काढून आणा, पाण्यात सुटलेली दोरी दुसऱ्या कोणाच्या पंख्यात किंवा पायात अडकते.

जाइबची भीती कशामुळे वाटते तर बूम जोरात येतो म्हणून, आणि तो जोरात येतो कारण आपण घाबरून होडी हळू करून जाइब करतो. हे नीट समजून घ्या. वारा १० नॉट (ताशी सागरी मैल) आहे आणि तुम्ही बरोबर त्याच्या पुढे ४ नॉटने पळताय, तर शिडाला लागतो तो फक्त ६ नॉटचा वारा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० नॉटला १०० धरला तर ६ नॉटला ३६. तुम्ही थांबलात की पुन्हा पूर्ण १००. तेव्हा होडी सगळ्यात जास्त वेगात असेल तेव्हाच जाइब करायचा, एखादा झोत येऊन होडी पळायला लागली की. सेंटरबोर्ड अर्धा वर, पूर्ण खाली असेल तर होडी त्यावर अडखळून कलते आणि पूर्ण वर असेल तर डुगडुगते. "जाइब" असं मोठ्याने म्हणायचं, क्रूचं उत्तर आल्याशिवाय करायचं नाही, डोकी खाली, मेनशीटच्या दोऱ्या मुठीत धरून बूम आपण होऊन आणायचा, आणि तो मधून गेला रे गेला की टिलर क्षणभर उलटा, मग सरळ. हा शेवटचा झटका दिला नाही तर होडी तशीच वळत वळत वाऱ्याकडे चढते आणि आडवी होते. टॅकमध्ये चुकलं तर होडी थांबते, जाइबमध्ये चुकलं तर थांबत नाही.

आणि ज्या दिवशी वारा जास्त वाटेल त्या दिवशी जाइब करूच नका, वर चढा, टॅक करा, पुन्हा खाली या. पूर्ण गोल वळसा पडतो पण होडी सरळ राहते. यात कमीपणा काही नाही, मी अजूनही करतो.

---

पाणपिसं:

किती वाऱ्यात बाहेर पडायचं हे कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. रेस्क्यू बोट नाही म्हणालात, तर तुमच्यासाठी ७ ते १० नॉट म्हणजे ब्यूफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायची श्रेणी) ३ ही सरावाची वरची मर्यादा ठेवा. या वाऱ्यात पाण्यावर अधूनमधून पांढरा फेस दिसायला लागतो. सगळीकडेच फेस दिसत असेल तर ४ आहे, ११ ते १६ नॉट, त्या दिवशी होडीची डागडुजी करा, गाठींचा सराव करा, बाहेर पडू नका. वर म्हटलंय तसं जोर वर्गाने वाढतो, ८ चा १६ झाला की दुप्पट नाही, चौपट. आणि डोंगराआडून येणारे झोत अंदाजातल्या आकड्यापेक्षा जास्तच असतात. पाण्यावर गडद रंगाचा, बारीक सुरकुत्यांचा पट्टा आपल्याकडे सरकताना दिसतो तो झोत, तो पोचायच्या आधीच शीट हातात मोकळी हवी, क्लीटमध्ये अडकवून ठेवायची नाही.

दोन होड्या आहेत हे तुमचं नशीब समजा. एक सराव करत असेल तेव्हा दुसरीने आसपास राहायचं, हाकेच्या अंतरावर. लाइफ जॅकेट अंगात घातल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत वर आलं तर पट्टे सैल आहेत. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, होडीत एक सुरी (दोरीत पाय अडकला तर), आणि काठावर कोणाला तरी सांगून जायचं की किती वाजता परत येणार.

विजेचं लक्षात असू द्या, मोकळ्या पाण्यावर तुमची डोलकाठी सगळ्यात उंच असते. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, ताबडतोब काठावर. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत पाण्यात जायचं नाही.

पाणी थंड असेल तर अंगाला बसणारे जाड कपडे हवेतच, गार पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट नुसता श्वास आवरण्यात जातं आणि साधारण १० मिनिटांनी बोटं काम करेनाशी होतात, मग गाठ सुटत नाही. तुमचा मित्र थरथरत होता त्यात भीतीइतकाच गारठा असू शकतो, २५ मिनिटं पाण्यात होता तो.

---

वाऱ्याचा_माग:

माणूस पाण्यात पडल्यावर परत उचलायचा सरावही घाला यात. खरा माणूस नको, पाणी अर्धं भरलेला कॅन फेका. पडला की एकाने त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. होडी बीम रीचवर, म्हणजे वारा बरोबर बाजूने, दहा-बारा होडीच्या लांबीइतकी लांब न्या, टॅक करा, जरा खाली उतरून परत या, आणि शेवटचा टप्पा वाऱ्याकडे तिरकं चढत, क्लोज रीचवर घ्या. कारण त्या कोनात दोन्ही शिडं सोडली की ती नुसती फडफडतात आणि होडी थांबते, वारा मागून असेल तर शीड सोडूनही होडी थांबत नाही आणि माणसावरून जाते. माणूस वाऱ्याकडच्या बाजूला, डोलकाठीच्या बाजूच्या तारेजवळ यायला हवा. जाइब करून वळू नका, लांब वाटलं तरी टॅकच.

---

रविवारचा_वारा:

चार आठवड्यांनी परत लिहितोय, आधी सगळ्यांचे मनापासून आभार.

पहिल्या रविवारी मित्र आलाच नाही. दुसऱ्या रविवारी मी त्याला म्हटलं तू काठावरच बस पण घड्याळ तू लाव, आम्हाला वेळ मोजायला माणूस हवाय. त्याने अगदी मन लावून मोजलं, वहीत लिहून ठेवलं, पहिल्यांदा ९ मिनिटं, मग ६, मग ४. मधेच आम्ही सेंटरबोर्ड ढकलायला विसरलो तर तोच काठावरून ओरडला. मग दुपारी स्वतःहून म्हणाला की ते शिडाखालचं करून बघू का. छातीइतक्या पाण्यात, आम्ही तिघं आजूबाजूला उभे. पहिल्यांदा लगेच बाहेर आला, दुसऱ्यांदा आत थांबून श्वास घेतला, तिसऱ्यांदा हात वर केलेला, कापडाचा तंबू झालेला आणि आतून आवाज, "अरे इथे मस्त उजेड आहे." मला काय वाटलं ते लिहिता येत नाहीये.

मागच्या रविवारी तो माझ्याबरोबर होडीत होता, पलटी मुद्दाम केली, तोच सेंटरबोर्डवर चढला, १ मिनिट ५० सेकंद. त्याचं वजन कमी आहे तर झुकायला जड जातं, पण नाक वाऱ्याकडे वळवून घेतलं की जमतं.

जिबवाली ताईंचा निरोप त्याला वाचून दाखवला. आणि २० मिनिटांचा नियम लावलाय, कोर्स केलेला मित्र आधी जरा नाराज झाला पण आता पुढे तोंड करून शांत बसतो, म्हणतो की जिब इतकं लक्षपूर्वक त्याने कधी बघितलंच नव्हतं. टिलर सोडून चालवणं अजून नीट जमत नाही, डावीकडे वळतो, उजवीकडे नाही. टॅकमध्ये अडकणं जवळजवळ थांबलंय, आणि अडकलो तरी ढकल-ढकल ओढ-ओढ आहे.

आता नवीन अडचण. आठच्या आकड्यात दोन्ही होड्या एकाच वेळी आल्या की मधे समोरासमोर येतात, आणि दोघंही एकदम बाजूला होतात किंवा दोघंही होत नाहीत. काल अगदी हातभर अंतराने वाचलो. कोणी हटायचं?

आणि त्या मित्राला आता लेझर एकट्याने चालवायची आहे. त्याच्या वजनाला ते शीड मोठं पडेल का?

---

जिबवाली:

तंबूचं वाचून खूप छान वाटलं. त्याला शाबासकी सांगा माझी.

वळण एकाच बाजूला होतंय तर बहुतेक तुमच्या दोघांची बसायची जागा ठरलेली आहे, जागा उलटी करून बघा.

---

जुनी_डोलकाठी:

हटायचा नियम पक्का आहे, १९७२ च्या आंतरराष्ट्रीय समुद्री नियमांतला १२ वा, शर्यतीतही हेच तत्त्व चालतं. दोन होड्यांना वारा वेगवेगळ्या बाजूंनी लागत असेल तर जिला वारा डावीकडून लागतोय, म्हणजे बूम उजवीकडे आहे, तिने हटायचं. वारा एकाच बाजूने असेल तर जी वाऱ्याच्या जवळ आहे, वरच्या अंगाला, तिने हटायचं. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने नेहमीच हटायचं. ज्याला हटायचं नाही त्याने आपली दिशा बदलायची नाही, दोघंही एकदम बाजूला होतात तो घोळ यानेच मिटतो. पण समोरच्याने बघितलंच नाही असं वाटलं तर नियम धरून बसू नका, ओरडा आणि वळा. टिलरवर बसल्यावर बूम कुठे आहे ते बघा, उजवीकडे असेल तर मनात म्हणायचं "मी हटणार". पहिले काही दिवस हे मोठ्यानेच म्हणा, दोन्ही होड्यांवरून ऐकू जाईल असं.

सुरुवातीला एकाच बोयाभोवती एक होडी आणि दुसऱ्याभोवती दुसरी, मग हळूहळू आठच्या आकड्यावर या.

लेझरचं म्हणाल तर मोठं शीड ७.०६ चौरस मीटरचं असतं, त्याच होडीवर ५.७६ आणि ४.७ चौरस मीटरची लहान शिडंही बसतात, त्यासाठी डोलकाठीचा फक्त खालचा तुकडा बदलावा लागतो. वजन कमी असेल तर ४.७ ने सुरुवात करू दे, आणि पहिल्या दिवशी मोठी होडी त्याच्या हाकेच्या अंतरावर. लेझरला बूम फार खाली असतो, टॅक करताना नेहमीपेक्षा जास्त वाकायचं हे त्याला आधीच सांगा. त्याने एकट्याने पलटी करून सरळ करेपर्यंत काठापासून लांब पाठवू नका.

---

रविवारचा_वारा:

छान, बूम उजवीकडे म्हणजे मी हटणार. दोन्ही होड्यांच्या बूमवर रंगीत टेप लावतोय, डाव्या अंगाला लाल, बूम उजवीकडे असताना तेच अंग आपल्याला दिसतं.

लहान शीड एका ओळखीच्यांकडे आहे, त्यांना विचारलंय. तो मात्र आत्तापासूनच घरात जमिनीवर बसून वाकायची प्रॅक्टिस करतोय.